विखुरलेला पुरावा

(एखादे औषध खरोखर गुणकारी आहे की नाही, हे डॉक्टर कसे ठरवतात? एखाद्याने सांगितले म्हणून? पुस्तकात छापले म्हणून? की आणखी काही पाहून? वेळेआधी जन्मणाऱ्या बाळांच्या एका औषधाची हकिगत प्रस्तुत पाठात सांगितली आहे. ज्ञान असूनही ते एकत्र केले नाही तर काय होते आणि ते शोधायचे कसे, हे या हकिगतीतून समजते.)

घरात बाळ येणार असले, की सगळे घर दिवस मोजू लागते. नानी दुपटी शिवते. लहान भावंडे नावे सुचवतात. बाळ आईच्या पोटात साधारण चाळीस आठवडे वाढते आणि मग या जगात येते. पण काही बाळे तीस-बत्तीस आठवड्यांतच जन्माला येतात. अशा बाळाचे नाक, डोळे, हात, पाय सगळे जागच्या जागी असते. ते फक्त इवलेसे असते. मग अडचण कुठे येते? मोठी अडचण येते ती श्वासाची.

आपली फुप्फुसे म्हणजे हवेच्या अगदी बारीक पिशव्यांचा समूह. प्लॅस्टिकची ओली पिशवी तुम्ही पाहिली असेल. तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि सहज सुटत नाहीत. फुप्फुसातील पिशव्याही आतून ओल्याच असतात. तरी त्या चिकटून बसत नाहीत, कारण त्यांच्या आत साबणासारखे काम करणारा एक पदार्थ असतो. पोटातल्या बाळाच्या फुप्फुसात हा पदार्थ शेवटच्या काही आठवड्यांत पुरेसा तयार होतो. बाळ लवकर जन्मले, तर तो कमी पडतो. मग प्रत्येक श्वासासाठी त्या चिमुकल्या जिवाला सारा जोर लावावा लागतो. काही तासांतच ते थकून जाते.

अशा बाळांना वाचवण्याचा एक उपाय १९७२ साली जगापुढे आला. तो फार महाग नव्हता. त्यासाठी मोठी यंत्रेही लागत नव्हती. तरीसुद्धा पुढची जवळजवळ वीस वर्षे बहुतेक डॉक्टरांना त्याचे खरे महत्त्व कळले नाही. पुरावा होता, पण तो विखुरलेला होता. हे कसे घडले, ते पाहू या.

न्यूझीलंड हा मेंढ्यांचा देश. तेथील ऑकलंड शहरात ग्रॅहम लिगिन्स नावाचे एक प्रसूतितज्ज्ञ होते. बाळाचा जन्म नेमका कशामुळे सुरू होतो, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. त्यासाठी ते मेंढ्यांवर प्रयोग करत. मेंढीच्या पोटातील कोकराला ते एक संप्रेरक देत. असे एक कोकरू फारच लवकर जन्मले. त्या वयाचे कोकरू जगत नाही, हे लिगिन्स यांना ठाऊक होते. पण हे कोकरू श्वास घेत होते! त्याची फुप्फुसे तपासली, तेव्हा त्यांत थोडी हवा भरलेली आढळली. लिगिन्स विचारात पडले. आपण दिलेल्या संप्रेरकामुळे कोकराची फुप्फुसे लवकर तयार झाली असतील का? आणि जे कोकरात घडले, ते माणसाच्या बाळात घडेल का?

बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्या मदतीने त्यांनी माणसांमध्ये चाचणी घेतली. वेळेआधी प्रसूत होण्याची शक्यता असलेल्या २८२ माता या चाचणीत होत्या. काही मातांना कॉर्टिकोस्टेरॉइड या प्रकारच्या औषधाचे इंजेक्शन दिले गेले. बाकीच्यांना तसेच दिसणारे, पण फारसा परिणाम नसलेले इंजेक्शन दिले गेले. कोणत्या मातेला कोणते इंजेक्शन मिळणार, हे डॉक्टरांनी ठरवले नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते योगायोगावर सोपवले होते. १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या मातांना आपोआप वेळेआधी कळा सुरू झाल्या होत्या, त्यांच्या बाळांचे आकडे बोलके होते. औषध न मिळालेल्या गटात जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत शेकडा १५ बाळे दगावली होती. औषध मिळालेल्या गटात हे प्रमाण शेकडा ३ च्या आसपास होते.

येथे तुम्ही विचाराल, की दोन गट कशाला हवेत? सर्वांनाच औषध देऊन पाहिले तर काय बिघडले असते? समजा, तुम्हाला सर्दी झाली. तुम्ही काढा घेतला आणि सात दिवसांनी बरे झालात. काढ्याने बरे झालात, की सर्दी आपोआपच गेली? तुलनेशिवाय हे सांगता येत नाही. शिवाय कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरांनी निवडले, तर ते नकळत जास्त आजारी रुग्णाला किंवा जास्त धडधाकट रुग्णाला ते देतील. मग फरक औषधाचा की रुग्णाच्या प्रकृतीचा, हे कळणार नाही. म्हणून निवड योगायोगावर सोपवतात.

तुलना करण्याचा विचार फार जुना आहे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी इराणमधील रय या गावचे अबू बक्र अल्-राझी हे मोठे हकीम होऊन गेले. मेंदूच्या एका आजारात रक्त काढण्याचा उपचार तेव्हा केला जाई. त्यांनी काही रुग्णांवर तो उपचार केला आणि काही रुग्णांवर मुद्दाम केला नाही. मग दोन्ही गटांत काय होते, ते पाहिले. त्यांचा उपचार आज कोणी वापरत नाही, पण तुलनेची त्यांची पद्धत महत्त्वाची होती. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ग्रीक, सुरयानी, भारतीय आणि अरब वैद्यांनी एकेका रोगाबद्दल काय लिहून ठेवले आहे, ते त्यांनी आपल्या टिपणांत उतरवून घेतले आणि त्यापुढे स्वतःचा अनुभव नोंदवला. या टिपणांचा ग्रंथ ‘किताब अल्-हावी’ या नावाने प्रसिद्ध आहे. इतरांनी काय शोधले ते आधी गोळा करा आणि मग बोला, ही शिस्त त्या टिपणांत दिसते.

आता पुन्हा ऑकलंडकडे वळू. एका चाचणीने सारे सिद्ध होते का? नाही. खिशातून एक नाणे काढा आणि दहा वेळा उडवून पाहा. कदाचित सात वेळा छापा पडेल. म्हणून ते नाणे खोटे ठरत नाही. तेच नाणे हजार वेळा उडवले, तर छापा आणि काटा जवळजवळ सारखे पडतील. लहान संख्येत योगायोग आपल्याला फसवतो. मोठ्या संख्येत तो फसवू शकत नाही. लिगिन्स आणि हॉवी यांच्यानंतर इतर डॉक्टरांनीही याच औषधाच्या चाचण्या घेतल्या. पण त्यांतील बहुतेक लहान होत्या. औषधाने फायदा होत असावा, पण खात्री नाही, असे त्यांचे उत्तर येई. एक चाचणी एका नियतकालिकात छापली जाई, दुसरी दुसऱ्या. एखाद्या डॉक्टरच्या हाती त्यांतली एखादीच पडे. ती वाचून तो म्हणे, “अजून काही निश्चित दिसत नाही.” तो खोटे बोलत नव्हता. त्याने चित्राचा एकच तुकडा पाहिला होता.

हे तुकडे जोडले पाहिजेत, असे ठणकावून सांगणारे एक डॉक्टर ब्रिटनमध्ये होते. त्यांचे नाव आर्ची कॉक्रन. त्यांचा जन्म १९०९ साली स्कॉटलंडमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये ते क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडले. पुढे ग्रीसमधील सलोनिका येथील छावणीत युद्धकैद्यांचे डॉक्टर म्हणून त्यांना काम करावे लागले. अन्न अपुरे होते. कैद्यांच्या पायांवर सूज येऊ लागली. खुद्द कॉक्रन यांचे पायही सुजले होते. अन्नातील कोणत्या घटकाच्या अभावाने हे होत असावे? त्यांनी वीस कैदी निवडले आणि त्यांचे दहा-दहांचे दोन गट केले. एका गटाला ‘क’ जीवनसत्त्व दिले, दुसऱ्याला यीस्ट दिले. काही दिवसांतच यीस्ट घेणाऱ्यांना बरे वाटू लागले. हा पुरावा घेऊन ते छावणीच्या अधिकाऱ्यांकडे गेले आणि कैद्यांसाठी यीस्ट मिळवले. ही चाचणी फार कच्ची होती, असे पुढे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले. पण पुराव्याची ताकद त्यांना तेथे उमगली.

१९७२ मध्येच कॉक्रन यांचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. आरोग्यसेवेवर होणारा खर्च खरोखर गुण देणाऱ्या उपचारांवर व्हावा आणि हा गुण चाचण्यांनी तपासावा, असे त्यांनी त्यात मांडले. पुढे १९७९ मध्ये त्यांनी आपल्याच व्यवसायाला खडे बोल सुनावले. सर्व चाचण्यांचा, विषयवार लावलेला आणि वेळोवेळी नवा केलेला चिकित्सक सारांश आपण डॉक्टरांनी अजून तयार केलेला नाही, ही आपल्यावरची मोठी टीका आहे, असे त्यांनी लिहिले. वैद्यकाच्या सर्व शाखांत प्रसूतिशास्त्र याबाबतीत सर्वांत मागे आहे, असाही शेरा त्यांनी मारला.

ही टीका काहींच्या मनाला लागली. ऑक्सफर्ड येथील इयन चाल्मर्स आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. गरोदरपण आणि प्रसूती यांविषयी जगात झालेल्या चाचण्या त्यांनी शोधून काढायला सुरुवात केली. हे काम चिकाटीचे होते. नियतकालिकांचे जुने अंक चाळायचे, संशोधकांना पत्रे पाठवायची, मिळालेल्या प्रत्येक चाचणीची नोंद करायची. या परिश्रमातून १९८९ मध्ये एक मोठा ग्रंथ तयार झाला. त्यात पॅट्रिशिया क्राउली या डॉक्टरांनी लिगिन्स यांच्या औषधावरील चाचण्या एकत्र मांडल्या. तुकडे जुळले आणि चित्र स्पष्ट झाले. वेळेआधी जन्मणाऱ्या बाळांचा मृत्यूचा धोका या औषधाने ३० ते ५० टक्क्यांनी कमी होत होता!

विचार करा. हे चित्र आधीच जुळवता आले असते. चाचण्या झालेल्या होत्या. माता त्यांत सहभागी झाल्या होत्या. निष्कर्ष छापलेही गेले होते. केवळ कोणी ते गोळा केले नव्हते. या उशिरामुळे जगभरात हजारो बाळे विनाकारण दगावली असावीत, असे पुढे तज्ज्ञांनी म्हटले.

ऑक्सफर्ड येथे १९९२ मध्ये एक केंद्र उघडले. आर्ची कॉक्रन १९८८ मध्येच वारले होते. केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. १९९३ मध्ये त्यातून कॉक्रन ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिचे मूळ बोधचिन्ह मोठे अर्थपूर्ण आहे. वर्तुळात एक उभी रेघ आहे आणि तिच्या आसपास सात आडव्या रेघा आहेत. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे या औषधाची एक चाचणी. उभी रेघ म्हणजे ‘काही फरक नाही’. आडवी रेघ उभ्या रेघेच्या डावीकडे असेल, तर औषधाचा फायदा दिसतो. बहुतेक आडव्या रेघा उभ्या रेघेला ओलांडतात, म्हणजे एकेकट्या त्या खात्री देत नाहीत. पण खाली एक छोटी चौकट शंकरपाळ्यासारखी काढलेली आहे. ती सर्व चाचण्यांची बेरीज आहे. ती स्पष्टपणे डावीकडे आहे. जे एकेका रेघेला सांगता आले नाही, ते सातही रेघांनी मिळून सांगितले.

अशा कामाला पद्धतशीर आढावा म्हणतात. साधा आढावा आणि पद्धतशीर आढावा यांत मोठा फरक आहे. साध्या आढाव्यात लेखक आपल्या आठवणीत असलेले, आपल्या कपाटात असलेले किंवा आपल्या मताला पटणारे लेख घेतो. पद्धतशीर आढाव्यात आधी नियम ठरतात, मग शोध सुरू होतो. प्रश्न कोणता, कोणत्या चाचण्या घ्यायच्या, कोणत्या वगळायच्या, हे आधीच लिहून ठेवतात. शोध कुठे कुठे घेतला, तेही सांगतात. चाचण्यांची निवड बहुधा दोन माणसे वेगवेगळी करतात आणि मग ताडून पाहतात. प्रत्येक चाचणी किती काळजीपूर्वक झाली, याची परीक्षा होते. शेवटी शक्य असेल तर आकड्यांची बेरीज मांडतात. दुसऱ्या कोणी त्याच वाटेने जायचे ठरवले, तर त्यालाही तेच सापडले पाहिजे.

आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. परीक्षेत चांगले गुण मिळाले, की आपण निकाल धावत घरी नेतो. कमी गुण मिळाले, की तो दप्तराच्या तळाशी जातो. चाचण्यांचेही असेच होते. औषधाचा गुण दिसला, तर निष्कर्ष लवकर छापले जातात. गुण दिसला नाही, तर ते कपाटात पडून राहण्याची शक्यता अधिक असते. केवळ छापलेले लेख वाचणाऱ्याला ते औषध आहे त्यापेक्षा जास्त गुणकारी वाटते. म्हणून चांगला आढावा घेणारे लोक न छापलेल्या चाचण्यांचाही माग काढतात.

आता असा आढावा हवा असेल, तर डॉक्टर तो शोधतात कसा? संगणकावर काहीतरी शब्द टाकून पहिले दिसेल ते घेऊन चालत नाही. शोधाची सुरुवात नीट प्रश्नाने होते. ‘स्टेरॉइड चांगले की वाईट?’ हा प्रश्न फार मोघम आहे. प्रश्नाचे चार भाग करावे लागतात. रुग्ण कोण? वेळेआधी प्रसूत होण्याची शक्यता असलेली माता. उपचार कोणता? कॉर्टिकोस्टेरॉइडचे इंजेक्शन. तुलना कशाशी? हे इंजेक्शन न देण्याशी. परिणाम कोणता पाहायचा? बाळ वाचते का आणि मातेला काही अपाय होतो का?

प्रश्न ठरला, की शब्द निवडायचे. एकाच गोष्टीला अनेक नावे असतात. या औषधाला कोणी कॉर्टिकोस्टेरॉइड म्हणेल, कोणी बीटामेथाझोन, तर कोणी डेक्सामेथाझोन. एकच नाव शोधले, तर बाकीचे लेख निसटतात. म्हणून एका भागातील सर्व नावे ‘किंवा’ या शब्दाने जोडतात. त्यामुळे जाळे मोठे होते. मग प्रश्नाचे वेगवेगळे भाग ‘आणि’ या शब्दाने जोडतात. त्यामुळे जाळ्यात नको असलेले मासे येत नाहीत. ‘किंवा’ आणि ‘आणि’ ही आपल्या रोजच्या बोलण्यातली दोन साधी अव्यये. पण योग्य जागी वापरली, तर लाखो लेखांतून हवा तो लेख काढून देतात.

त्यानंतर प्रश्न येतो शोधायचे कुठे? पद्धतशीर आढाव्यांसाठी कॉक्रन ग्रंथालय हे महत्त्वाचे ठिकाण आहे. पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची सूची आहे. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी आहेत. त्यांतून फक्त पद्धतशीर आढावे गाळून घेण्याची सोयही तेथे आहे. आधी आढावा शोधावा, तो नसेल तरच सुट्या चाचण्यांकडे वळावे, असा शहाणपणाचा क्रम आहे. पहाटेपासून रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला शेकडो लेख वाचायला वेळ कुठून मिळणार? ते काम आढावा घेणाऱ्यांनी त्याच्यासाठी करून ठेवलेले असते.

आढावा सापडला, म्हणजे काम संपले असे नाही. तो कितपत विश्वासाचा आहे, हेही पाहावे लागते. शोध किती ठिकाणी घेतला? चाचण्यांची परीक्षा केली का? आढाव्यासाठी पैसा कोणी दिला? आणि शेवटचा शोध कोणत्या साली घेतला होता? हा शेवटचा प्रश्न विसरू नये. दहा वर्षांपूर्वीचा आढावा आज अपुरा असू शकतो.

याचे उदाहरण लिगिन्स यांच्या औषधाच्या पुढच्या हकिगतीतच आहे आणि त्या हकिगतीचा आपल्या महाराष्ट्राशीही संबंध आहे. सुरुवातीच्या चाचण्या बहुधा सुसज्ज रुग्णालयांत झाल्या होत्या. गावोगावी हेच औषध दिले, तर तसाच फायदा होईल का? हे पाहण्यासाठी सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. भारतातील नागपूर आणि बेळगाव येथील भाग तिच्यात होते. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते पाहून सगळे चकित झाले. लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. सर्व बाळांचा एकत्र विचार केला, तर मृत्यू थोडे वाढलेच. मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. असे का व्हावे? गरोदरपणाचे नेमके किती आठवडे झाले आहेत, हे अनेक ठिकाणी ठाऊक नव्हते. औषध मिळालेल्या बऱ्याच मातांची प्रसूती पुढे वेळेवरच झाली. त्यांच्या बाळांना औषधाची गरजच नव्हती.

मग काय करायचे? औषध सोडून द्यायचे की वापरायचे? जागतिक आरोग्य संघटनेने नवी चाचणी घेतली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरिया या पाच देशांतील २९ रुग्णालयांत २८५२ माता तिच्यात सहभागी झाल्या. या वेळी सोनोग्राफीने आठवडे नीट मोजले होते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांची काळजी घेण्याची सोय त्या रुग्णालयांत होती. २०२० मध्ये निष्कर्ष आले. औषध न मिळालेल्या गटात शंभरातील सुमारे २४ बाळे दगावली, औषध मिळालेल्या गटात सुमारे २०. म्हणजे साधारण दर २५ मातांमागे एक बाळ अधिक वाचले. औषध उपयोगी होते, पण योग्य मातेला, योग्य वेळी आणि योग्य ठिकाणी. कॉक्रनचा या विषयावरील आढावाही वेळोवेळी नवा होत राहिला. २०२० च्या आवृत्तीत २७ चाचण्या आणि ११ हजारांहून अधिक माता आहेत. सात रेघांच्या आता सत्तावीस झाल्या आहेत.

पुरावा वेळेवर गोळा न केल्याचे नुकसान केवळ औषधांच्या बाबतीतच होते असे नाही. तान्ह्या बाळाला पालथे झोपवावे, असा सल्ला विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांतील अनेक पुस्तकांत दिला जाई. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण पालथी झोपणारी बाळे झोपेत अचानक दगावण्याचे प्रमाण अधिक होते. याचा पुरावा १९७० पर्यंत उपलब्ध झाला होता. पण तो कोणी एकत्र केला नव्हता. ‘बाळाला पाठीवर झोपवा’ ही मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये सुरू झाली आणि असे मृत्यू झपाट्याने घटले. २००५ मध्ये संशोधकांनी जुन्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. हा आढावा १९७० मध्येच झाला असता, तर ब्रिटनमधील दहा हजारांहून अधिक बाळे वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज आहे. यासाठी औषध नको होते, पैसा नको होता. फक्त बाळाची कूस बदलायची होती.

पुराव्यावर आधारित वैद्यक हे नाव १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गायट यांनी रूढ केले. त्याचा अर्थ डॉक्टरने पुस्तकातला आकडा वाचून डोळे मिटून औषध लिहावे, असा नाही. त्यात तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, उपलब्ध असलेला उत्तम पुरावा. दुसरी, डॉक्टरचा स्वतःचा अनुभव. तिसरी, समोरच्या रुग्णाची गरज आणि त्याची इच्छा. तिपाईचा एक पाय काढला, तर ती उभी राहत नाही. तसेच हे आहे.

आपल्या देशानेही या कामात वाटा उचलला आहे. तमिळनाडूतील वेल्लोर येथे कॉक्रनचे काम करणारे केंद्र उभे राहिले. २००७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सर्व देशासाठी वर्गणी भरली आणि कॉक्रन ग्रंथालय भारतातील कोणालाही संगणकावर वाचता येईल अशी व्यवस्था केली. मोठ्या शहरातील तज्ज्ञ आणि दूरच्या तालुक्यातील डॉक्टर यांच्यापुढे एकच ग्रंथालय उघडले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या डॉक्टर होतील, परिचारिका होतील किंवा औषधांच्या दुकानात काम करतील. बाकीचे सगळे कधी ना कधी रुग्ण किंवा रुग्णाचे नातेवाईक असतील. ‘अमुक औषधाने आमच्या शेजाऱ्याला गुण आला’, असे कोणी म्हणाले, तर त्याचा अपमान करू नका. पण मनाशी विचारा, ‘किती जणांना आला? किती जणांना आला नाही? औषध न घेणाऱ्यांचे काय झाले? हे कोणी तपासून पाहिले आहे का?’ उपचार मात्र स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. हेच प्रश्न आपल्या डॉक्टरांना अदबीने विचारा. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात.

ऑकलंडच्या त्या कोकराने श्वास घेतला आणि एका माणसाने तो लक्ष देऊन पाहिला. तो श्वास जगभरच्या बाळांपर्यंत पोहोचायला मात्र वीस वर्षे लागली. मधल्या काळात ज्ञान कमी नव्हते. कमी होती ती ते शोधून, जोडून, सर्वांपुढे ठेवणारी माणसे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वेळेआधी जन्मलेल्या बाळाला श्वास घेणे कठीण का जाते?
(आ) लिगिन्स यांना कोकराबद्दल कोणती गोष्ट आश्चर्याची वाटली?
(इ) कॉक्रन यांनी १९७९ मध्ये आपल्या व्यवसायावर कोणती टीका केली?

२. कारणे लिहा.
(अ) चाचणीत कोणाला औषध द्यायचे हे योगायोगावर सोपवतात.
(आ) केवळ छापलेल्या चाचण्या वाचून औषधाचा खरा गुण कळत नाही.
(इ) २०१५ च्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसला नाही.

३. साधा आढावा आणि पद्धतशीर आढावा यांतील फरक चार-पाच वाक्यांत सांगा.

४. ‘ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवाव्यात का?’ या प्रश्नाचे पाठात सांगितल्याप्रमाणे चार भाग करा.

५. उपक्रम : तुमच्या घरी सर्दी-खोकल्यावर सांगितले जाणारे उपाय घरातील मोठ्या माणसांना विचारून लिहा. त्यांतील एक उपाय खरोखर गुणकारी आहे का, हे तपासायचे असेल तर तुम्ही काय कराल, यावर वर्गात चर्चा करा.